उंचावरची नोकरी : अर्जापूर्वी घरात व्हावयाची चर्चा



एका मातेचे पत्र समोर आहे. मुलगा आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण करून घरी बसला आहे. मोबाइल टॉवरच्या देखभालीचे काम मिळते आहे, पगार बरा आहे आणि तो जाण्यास उत्सुक आहे. माता विचारते, ‘‘इतक्या उंचीवर त्याला जाऊ द्यावे का? आणि त्या किरणांचे काय?’’ तिच्या दोन्ही प्रश्नांत काळजी आहे; परंतु विचारावयाचे राहून गेलेले प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचे आहेत. म्हणून आज आपण याच नोकरीचा विचार आरोग्याच्या बाजूने करू.

प्रथम काम कोणते, ते समजून घ्या

‘टॉवर टेक्निशियन’ या एकाच नावाखाली दोन निराळी कामे येतात. पहिले काम जमिनीवरचे. टॉवरच्या पायथ्याशी असलेला बॅटरी-संच, वीजपुरवठ्याचे यंत्र, डिझेल जनरेटर, वातानुकूलन आणि अर्थिंग यांची देखभाल करणे. बिघाडाचा संदेश आला की रात्रीबेरात्री त्या साइटवर पोहोचणे. दुसरे काम प्रत्यक्ष टॉवरवर चढून अँटेना बसविण्याचे, केबल ओढण्याचे आणि दिशा बदलण्याचे. हे करणाऱ्यास या व्यवसायात बहुधा ‘रिगर’ म्हणतात. जमिनीवर उभारलेले टॉवर साधारणतः 40 ते 60 मीटर उंच असतात, म्हणजे तेरा ते वीस मजली इमारतीइतके.

मुलाखतीस जाताना पहिला प्रश्न हाच असावा: ‘‘मला चढावे लागेल काय? लागल्यास महिन्यातून किती वेळा, आणि सोबत कोण असेल?’’ जमिनीवरच्या कामासाठी नेमलेल्या मुलास एखाद्या दिवशी ‘‘जरा वर जाऊन बघून ये’’ असे सांगितले जाते आणि अपघात अशाच वेळी दबा धरून असतो. प्रशिक्षण नसताना चढण्यास नकार देणे हा भित्रेपणा नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांनीच मुलास आधी सांगून ठेवावे.

या कामासाठी आयटीआयमधील वीजतंत्री, तारतंत्री किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे अभ्यासक्रम उपयोगी पडतात. इलेक्ट्रॉनिक्स वा विद्युत शाखेची पदविका असल्यास पुढील बढतीस मदत होते. दूरसंचार क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद आहे आणि तिच्या मान्यतेने टॉवरविषयक अभ्यासक्रम चालतात. दुचाकी चालविण्याचा परवाना बहुतेक ठिकाणी लागतोच.

एक सावधगिरी येथेच नोंदवितो. नोंदणी शुल्क, गणवेशाची अनामत किंवा प्रशिक्षणाची रक्कम आधी भरावयास सांगणाऱ्या दूरध्वनीवर विश्वास ठेवू नये. ‘तुमच्या गच्चीवर टॉवर बसवू आणि मुलास नोकरीही देऊ’ अशा आमिषाने फसवणूक होते. टॉवर उभारणीसाठी ट्राय ही संस्था ना-हरकत प्रमाणपत्र देत नाही. तिच्या नावाचा कागद कोणी दाखविला तर तो बनावट समजावा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

शरीर काय म्हणते?

उंचीवर चढणाऱ्याची वैद्यकीय तपासणी म्हणजे केवळ सही-शिक्क्याचा कागद नव्हे. कधी काळी फिट आली होती काय, उभ्या-उभ्या भोवळ येते काय, कानाचा आजार होऊन तोल जातो काय, हृदयाची धडधड अकारण वाढते काय, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. रक्तदाब, रक्तशर्करा, हिमोग्लोबिन, दृष्टी आणि ऐकणे यांची तपासणी व्हावी. वायरींच्या रंगांवर काम अवलंबून असल्याने रंगज्ञानाची चाचणीही आवश्यक आहे.

नोकरी जाईल या भीतीने फिटचा इतिहास लपविणारी कुटुंबे असतात. त्यांचे दुःख समजण्यासारखे आहे. परंतु जमिनीवर आलेली फिट बहुधा काही मिनिटांत ओसरते, शिडीवर आलेली फिट जिवावर बेतते. अशा मुलासाठी दार बंद होते असेही नाही. साइटचे संदेश पाहणारा नियंत्रण कक्ष, भांडार, उपकरणांची दुरुस्ती ही या क्षेत्रातीलच कामे आहेत. तेथेही त्याचे शिक्षण कामी येते. मात्र फिटचा आजार असताना वाहन चालविणेही धोक्याचे असल्याने, कोणते काम पेलेल हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

वजनाचाही विचार हवा. सुरक्षापट्ट्यावर त्याची भारमर्यादा छापलेली असते आणि तीत माणसाबरोबर हत्यारांचेही वजन मोजावे लागते. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांनी झापड येते. असे औषध घेतलेल्या दिवशी चढू नये. आदल्या रात्री मद्यपान वा जागरण झाले असेल, तरी हाच नियम.

वर चढताना

कमरेचा साधा पट्टा पुरेसा नाही. खांदे, छाती आणि मांड्या यांना धरून ठेवणारा पूर्ण शरीराचा हार्नेस हवा, आणि त्यास धक्का शोषणारी दुहेरी दोरी हवी. भारतीय मानकांत हार्नेससाठी आयएस 3521 आणि शिरस्त्राणासाठी आयएस 2925 हे क्रमांक आहेत. ते पाहून घ्यावेत. दुहेरी दोरीचा हेतू एकच: एक हूक सोडून पुढे लावताना दुसरा अडकलेलाच असतो. जमीन सोडल्यापासून परत जमिनीवर येईपर्यंत एक क्षणही शरीर मोकळे असता कामा नये. एकदा पडताना झेललेला हार्नेस पुन्हा वापरावयाचा नसतो.

येथे एक गोष्ट बहुतेक कुटुंबांस ठाऊक नसते. हार्नेसने पडणाऱ्यास अडविले म्हणजे संकट टळले असे नाही. हालचाल न करता लटकून राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून लटकलेल्याने शक्य तितके पाय हलवीत राहावे आणि खाली असलेल्यास त्याला उतरविण्याची रीत ठाऊक असावी. खाली आणल्यावर त्यास आडवे निजवून नेहमीचे प्रथमोपचार करावेत आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. याचाच अर्थ, टॉवरवर एकट्याने चढणे कोणत्याही कारणाने योग्य नाही. मालकास विचारावयाचा दुसरा प्रश्न हा: ‘‘माणूस वर अडकला, तर त्याला खाली कोण आणील आणि कशाने?’’

ऋतूंचेही भान हवे. विदर्भातील मे महिन्यात लोखंड हातास चटका देते. काम पहाटे उरकावे, पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे, भरपूर घाम आल्यास क्षारसंजीवनी घ्यावी. पावसाळ्यापूर्वीच्या वळवाच्या दिवसांत वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर उंच जागी आणि उघड्यावर थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे परत चढू नये. आकाश भरून येताना दिसले, तर गडगडाटाची वाट न पाहता आधीच उतरावे, कारण उतरण्यासही वेळ लागतो. आग्या मोहोळ टॉवरच्या सांध्यांत बसते. खालून दुर्बिणीने वा नीट निरखून पाहिल्याशिवाय चढू नये. पूर्वी मधमाशी चावून अंगभर पित्त उठले असेल किंवा श्वास कोंडला असेल, तर ही बाब डॉक्टरांस अवश्य सांगावी.

जमिनीवरही बेसावध राहू नये

साइटवरील उपकरणे 48 व्होल्टच्या बॅटरी-संचावर चालतात. हा दाब कमी वाटतो. परंतु संचातून वाहू शकणारा प्रवाह प्रचंड असतो. दोन टोकांत पाना वा हातातील अंगठी अडकली, तर धातू लालबुंद होऊन बोट भाजते. म्हणून अंगठी, कडे आणि गळ्यातील साखळी घरी ठेवूनच कामावर जावे. जनरेटर सुरू असलेल्या बंद जागेत कधीही झोपू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस न उठताच दगावू शकतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे जाणवताच उघड्यावर यावे.

रात्रीचा दुचाकी प्रवास हा या नोकरीतील दुर्लक्षिलेला धोका आहे. दिवसभर राबलेला मुलगा मध्यरात्री आलेल्या संदेशावर घाट उतरतो, तेव्हा टॉवरपेक्षा रस्ता अधिक घातक ठरू शकतो. रात्रपाळीची आलटापालट होते काय, हा तिसरा प्रश्न.

आणि ती किरणे?

मातेच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरींचा समावेश ‘कदाचित कर्ककारक’ या गटात केला. पुरावा मर्यादित असल्याचा तो निर्देश आहे. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. निश्चितपणे सिद्ध झालेला परिणाम म्हणजे तीव्र लहरींमुळे शरीरातील ऊती तापणे. हा धोका टॉवरखालून जाणाऱ्यास नाही. चालू अँटेनाच्या अगदी समोर काम करणाऱ्यास आहे. म्हणून त्या दिशेची अँटेना नियंत्रण कक्षाकडून बंद करून घेतल्याची खात्री झाल्यावरच तिच्यासमोर जावे. हृदयात पेसमेकर असणाऱ्याने असे काम पत्करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

कागद जपून ठेवा

टॉवर एकाचा, कंत्राट दुसऱ्याचे आणि माणूस तिसऱ्याचा, अशी या क्षेत्राची रचना पुष्कळदा असते. नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे आहे ते पाहावे. मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असल्यास कर्मचारी राज्य विमा योजना लागू होण्याची शक्यता मोठी असते. तीत कामगाराचा वाटा वेतनाच्या 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के असतो. कामावर अपघात झाला, तर पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे 90 टक्के भत्ता मिळतो. विमा क्रमांक आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घरातही लिहून ठेवावा. पगारातून कपात होते परंतु क्रमांक मिळत नाही, असे असल्यास लगेच विचारणा करावी.

त्या मातेस माझे उत्तर इतकेच: मुलास जाऊ द्या, परंतु विचारून जाऊ द्या. प्रशिक्षण, दुहेरी दोरी, सोबती, सुटकेची व्यवस्था आणि विमा क्रमांक या पाच गोष्टी जेथे मिळतात, तेथे हे काम सन्मानाचे आहे. वादळानंतर गावाचा तुटलेला संपर्क हीच मुले जोडून देतात. या पाचांपैकी एकही देण्यास जेथे टाळाटाळ होते, तेथे पगार कितीही सांगितला तरी पाऊल मागे घ्यावे. आणि तो कामावर रुजू झाल्यावर रोज एक सवय लावा: चढण्यापूर्वी एक संदेश, उतरल्यावर दुसरा. दुसरा संदेश वेळेत आला नाही, तर कोणाला फोन करावयाचा, तो क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर आजच लिहून ठेवा.