घरशाळेतील आईची रजा

मूल शाळेत न घालता घरीच शिकवायचे, असा निर्णय घेणारी कुटुंबे महाराष्ट्रात आजही थोडीच आहेत. त्या निर्णयाविषयी कुतूहल बाळगणारी कुटुंबे मात्र पुष्कळ आहेत. २०२०च्या मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली आणि देवघरापुढच्या सतरंजीवर किंवा जेवणाच्या टेबलावर शाळा भरवण्याचा प्रसंग घरोघरच्या मातांवर आला. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर बहुतेकींनी सुटकेचा निःश्वास सोडला. काहींना मात्र आपले मूल घरी अधिक निवांत, अधिक आनंदाने शिकते, असे जाणवले. त्यांतल्या काही घरांत हा विचार टिकला.

गृहशिक्षणाचे जे लाभ सांगितले जातात, ते खोटे नाहीत. मातृभाषेत शिक्षण, दप्तराच्या ओझ्यापासून मुक्ती, रिक्षा आणि बसमध्ये वाया न जाणारे तास, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवावे न लागणे, पाढे, श्लोक, गोष्टी, घरकाम आणि बागकाम यांची सहज गुंफण, हे सारे स्पृहणीयच आहे. या विषयावरील व्याख्यानांत आणि लेखांत त्याचे वर्णनही रसाळ असते. पण त्यांत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. सात, पाच आणि तीन वर्षांची मुले घरी शिकत आहेत आणि त्यांच्या आईला पुन्हा दिवस गेले आहेत. आता ही शाळा कोण चालवणार?

प्रश्न काल्पनिक नाही. मुले घरी शिकवण्याचा विचार करणारी घरे पुष्कळदा दोहोंहून अधिक मुले हवीशी वाटणारीही असतात, हे स्वाभाविक आहे. पहिले तीन महिने मळमळ आणि ग्लानी यांत जातात. फोडणीचा वास सहन होत नाही, दुपारी डोळा लागतो आणि नेमके त्याच वेळी धाकट्याला रंगांची बाटली सापडते. सातव्या महिन्यात मांडी घालून सतरंजीवर बसणे अवघड होते. तीन वर्षांच्या मुलाला उचलून घ्यायचे नाही असे डॉक्टर सांगतात, पण ते मुलाला कोणी सांगितलेले नसते. आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर शरीर पूर्वपदावर येण्याचेच असतात.

नोकरी करणाऱ्या शिक्षिकेशी तुलना करून पाहावी. २०१७च्या कायदा दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली; तिसऱ्या अपत्यापासून ती १२ आठवडेच राहिली. शिक्षिका रजेवर गेली की तिचा वर्ग दुसरी कोणी सांभाळते. घरशाळेतील आई मात्र शिक्षिका, मुख्याध्यापिका, शिपाई आणि खिचडी शिजवणारी ताई एकाच वेळी असते. तिच्या रजेचा अर्ज घ्यायला कोणीच नाही, आणि बहुधा तिला अर्ज करण्याचे सुचतही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. सुखवस्तू घरेही त्याला अपवाद नाहीत. रक्त कमी असलेल्या बाईला थकवा येतो, धाप लागते, चीड येते. वजाबाकी चुकली म्हणून सहा वर्षांच्या मुलावर ओरडणारी आई अनेकदा रागीट नसते, तिचे हिमोग्लोबिन कमी असते!

गृहशिक्षणाच्या समर्थनार्थ थोरामोठ्यांची उदाहरणे दिली जातात. त्यांत रवींद्रनाथ ठाकूर हटकून असतात. रवींद्रनाथ शाळेत रमले नाहीत, हे खरेच. एकामागून एक शाळा सुटत गेल्या आणि त्यांचे शिक्षण मुख्यतः घरी झाले. पण ते घर होते जोडासांकोचा वाडा. थोरले बंधू हेमेंद्रनाथ अभ्यासावर देखरेख करीत. पहाटे कुस्तीसाठी पैलवान, मग गणित आणि विज्ञान, चित्रकला, कसरत, संध्याकाळी इंग्रजीचे मास्तर, अशी माणसांची रीघ लागलेली असे. रवींद्रनाथ हे शारदादेवींचे चौदावे अपत्य. त्या माउलीने मुलांच्या धड्यांचे ओझेही वाहावे, अशी अपेक्षा त्या वाड्यात कोणी केली नव्हती. दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या आईपुढे हे उदाहरण ठेवताना वाड्यातील माणसे वगळून चालत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, आणि ते इंग्लंडमधील आहे. जॉन स्टुअर्ट मिल या विचारवंताचा जन्म १८०६चा. तो नऊ भावंडांतील सर्वांत थोरला. वडील जेम्स मिल यांनी त्याला शाळेत न पाठवता तिसऱ्या वर्षापासून ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकवले. हे जेम्स मिल म्हणजे हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवता हिंदुस्थानचा इतिहास लिहिणारे आणि त्यात हिंदू संस्कृतीला यथेच्छ कमी लेखणारे गृहस्थ. १८१७मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ लिहीत असताना त्याच टेबलाशी मुलगा ग्रीक शिकत बसे. ग्रीक-इंग्रजी कोश हाताशी नसल्याने अडेल तो शब्द तो वडिलांना विचारी आणि वडील लेखणी थांबवून सांगत. एरवी अधीर असलेल्या या माणसाची एवढी चिकाटी मान्य केलीच पाहिजे.

पण भावंडे वाढत गेली तशी या घरशाळेची व्यवस्था काय झाली? आठव्या वर्षापासून थोरल्या मुलाला धाकट्या बहिणीचा शिक्षक नेमण्यात आले. पुढे एकेक भावंड त्याच्या वर्गात दाखल होत गेले. त्यांचा धडा कच्चा निघाला तर जबाबदार तोच. मिलने पुढे आत्मचरित्रात लिहिले की, दिवसाचा बराच भाग या शिकवण्यात जाई आणि ते काम त्याला मुळीच आवडत नसे. शिकवल्याने स्वतःचे ज्ञान पक्के झाले, हेही त्याने प्रांजळपणे नोंदवले. पण मुलांनीच मुलांना शिकवण्याची ही रीत काही त्याने वाखाणली नाही. विशीत, १८२६मध्ये, त्याला मनाच्या तीव्र विषादाने ग्रासले. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी, की १८७३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मचरित्रात वडिलांची पानेच्या पाने आहेत, पण आईचा उल्लेखच नाही. नऊ बाळंतपणे काढून ज्या बाईने ते घर चालवले, तिला त्या थोर शिक्षणप्रयोगाच्या कहाणीत एक ओळ मिळाली नाही.

आपल्याकडच्या जुन्या घरात आईला ओळ मिळत असे की नाही, हा वादाचा विषय होईल. पण तिला हात मिळत. सासू, जाऊ, नणंद, आत्या, शेजारच्या काकू, अंगणातील आजोबा. बाळंतपणासाठी लेक माहेरी जाई, ही रीत म्हणजे एका अर्थी रजेचीच तरतूद होती. थोरली मुले बरोबर आजोळी येत. आजोबांबरोबर शेतावर किंवा देवळात जात, मामाबरोबर विहिरीत पोहायला शिकत, आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत. प्रसूतीनंतर सव्वा महिना खोलीत विसावा, शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. त्या सव्वा महिन्यात बाळंतिणीने मोठ्या मुलाचे शुद्धलेखन तपासावे, असे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. त्या घरात जाच नव्हता असे नाही. विटाळाच्या कल्पनांनी बाळंतिणीला अंधाऱ्या, कोंदट खोलीत ठेवले जाई, ते सुटले हे उत्तमच झाले. पण अंधारी खोली गेली, तसे सोबतीचे हातही गेले. आज ज्यांना जुन्या घराचे संस्कार हवे आहेत, त्यांना त्या घराचे मनुष्यबळही उभे करावे लागेल. एकट्या सुनेच्या खांद्यावर आख्खे गुरुकुल टाकून संस्कृतिरक्षणाचे श्रेय घेणे न्यायाला धरून नाही.

हात नसले की मग घराची नजर वळते ती थोरल्या मुलीकडे. ‘आमची ताई किती समजूतदार, बाळाला अगदी आईसारखी सांभाळते,’ हे कौतुक ऐकायला गोड असते. दिवसातून अर्धा तास तिने पाळण्याला झोका दिला, धाकट्याला गोष्ट वाचून दाखवली, तर तिचे भलेच होईल. पण तिचे वाचन, तिचा खेळ, तिची दुपार त्या पाळण्याला बांधली गेली, तर गृहशिक्षणाच्या नावाखाली एका मुलीचे शिक्षण थांबले, असेच म्हणावे लागेल. मिल निदान थोरला मुलगा होता. वडिलांनी त्याच्या स्वतःच्या अभ्यासाला कधी खीळ बसू दिली नाही. आपल्या घरांतील ताईची तेवढीही खात्री कोण देणार?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा त्यांना हेच दिसले होते. मोठे मूल शाळेत येत नाही, कारण त्याच्या कडेवर धाकटे असते. त्यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. तान्ह्याची सोय आधी, मग मोठ्याची पाटी. झोपडीतील मुलांसाठी या दोघींनी जो विचार केला, तो सुशिक्षित घरांनी आपल्या मुलांसाठी करू नये, हे नवल आहे. ताराबाईंच्याच अंगणवाडीच्या कल्पनेचे नाव पुढे शासकीय योजनेला मिळाले. ही योजना १९७५पासून चालू आहे आणि तिथे लहान मुलांइतकीच गर्भवतींचीही नोंद होते, याची मध्यमवर्गाला सहसा आठवण नसते.

‘पण अभ्यास मागे पडेल त्याचे काय?’ अशी धास्ती अनेक मातांना वाटते. ती बव्हंशी अनाठायी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात घरी शिकवणाऱ्यांना वर्षातील १८० दिवसांच्या शिक्षणाचा हिशेब राखावा लागतो. आपल्याकडे तसे काही नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ या वयोगटासाठी आहे. पाच आणि तीन वर्षांच्या मुलांचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही. सहा वर्षांवरील मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे असे कायदा म्हणतो, पण न केल्यास शिक्षा सांगत नाही. ही संदिग्धता चांगली नव्हे, गृहशिक्षणाला स्पष्ट मान्यता आणि त्याबरोबर माफक देखरेख असणेच हिताचे. पण तो स्वतंत्र विषय आहे. तूर्त एवढे पुरे, की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी असो वा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म असो, मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत त्याची गरज पडत नाही. सात वर्षांच्या मुलाची सहा महिने लेखी उदाहरणे राहिली, तर आभाळ कोसळत नाही. चाळीस आठवडे म्हणजे किती दिवस, याचा हिशेब दिनदर्शिकेवर करणारे मूल गणितच शिकत असते.

आणि तरीही निभत नसेल, तर जवळच्या शाळेत नाव घालावे. गृहशिक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांना हा पराभव वाटतो, आणि नेमका इथेच त्यांचा आग्रह दुराग्रह होतो. याच कायद्याने मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क दिला आहे. वर्ष अर्धे उलटले म्हणून किंवा जन्मदाखला हाताशी नाही म्हणून शाळेला नकार देता येत नाही. वर्ष-दीड वर्ष जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जाऊन आलेले मूल घरच्या संस्कारांना पारखे होत नाही. तिथे त्याला आपल्या वस्तीतील इतर घरांची मुले भेटतील, हा लाभ तर घरशाळेत मिळणारच नाही.

राहिले वडील. मुलांना घरी शिकवण्याचा निर्णय बहुधा दोघांचा असतो. त्यावर चार लोकांत बोलण्याचे काम वडिलांकडे असते आणि तो रोज पार पाडण्याचे काम आईकडे. आठवड्यातील चार संध्याकाळी बैठकीला जाणारा आणि रविवारी प्रवासाला निघणारा कार्यकर्ता कुटुंबव्यवस्थेवर उत्तम बौद्धिक देऊ शकतो. पण त्याची पत्नी आठव्या महिन्यात तीन मुलांना एकटीने जेवू घालीत असेल, तर त्या बौद्धिकाची पहिली गरज त्याच्याच घरी आहे. सातव्या महिन्यापासून बाळ तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने, त्याने संघटनेकडे जबाबदारीतून मोकळीक मागावी आणि संघटनेने ती खळखळ न करता द्यावी. आजारपणासाठी, परीक्षेसाठी, लग्नकार्यासाठी सवलत मिळतेच की!

या सहा महिन्यांत त्याने शिकवण्याचा फार मोठा खटाटोप करण्याचेही कारण नाही. सकाळी कामावर जाण्यापूर्वी दोन्ही मोठ्यांना घेऊन फिरायला जावे, येताना भाजी आणावी, हिशेब त्यांच्याकडून करवून घ्यावा. रात्री धाकट्याला अंघोळ घालून, थोपटून झोपवावे. कारण वाकणे आणि उचलणे हेच त्या काळात आईला सर्वांत जड जाते. बालभारतीच्या पुस्तकातील धडा सात वर्षांची मुलगी आपला आपण वाचू शकेल.