पुडी सापडली, पोर हरवायला नको

गेल्या महिन्यातली गोष्ट. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावत होते, तर शेजारच्या वहिनी मागच्या दाराने आल्या. एरवी पुढच्या पडवीतूनच हाका मारत येणारी ही बाई! "आत येऊ गो?" असं हळूच विचारलं आणि स्वयंपाकघरात येताच तोंडाला पदर लावून रडायलाच लागल्या. त्यांचा धाकटा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या सॅकमध्ये गांजाची पुडी सापडली होती. असेल तीस-चाळीस ग्रॅम. गुन्हा नोंदला गेला, दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. पण त्या एका रात्रीत कुणा 'ओळखीच्या' माणसाने "मी सगळं मिटवतो" म्हणून पैसे मागितले आणि वहिनींनी हातातल्या पाटल्या मोडल्या.

"भावाला तरी कळवायचंत," मी म्हटलं.

"कसं कळवू? थोरलीचं लग्न ठरायचंय."

खरं सांगू, मला गांजापेक्षा त्या मागच्या दाराचीच जास्त भीती वाटली.

आठवतंय ना, २०२३च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती? कर्दे, लाडघर, मुरूड, केळशी... कस्टमने आणि पोलिसांनी मिळून अडीचशे किलोच्या आसपास माल गोळा केला. तेव्हा बचत गटाच्या बैठकीत आम्हीही तोंडावर हात ठेवून "काय दिवस आलेत बाई" म्हणालो होतो. समुद्रातून आलेला माल म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट, असं वाटलं होतं. तो माल कुणाच्या तरी पोराच्या सॅकपर्यंतच जाणार होता, हे तेव्हा सुचलं नाही.

वहिनींना घेऊन मी नणंदेच्या मुलीला फोन लावला. ती चिपळूणला वकिली करते. तिने सांगितलं ते ऐकून आम्ही दोघी गप्पच झालो.

अंमली पदार्थांचा कायदा १९८५चा. त्यात गांजाच्या वजनाप्रमाणे शिक्षा ठरते. एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण': एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोपेक्षा जास्त असेल तर 'व्यापारी प्रमाण': कमीत कमी दहा वर्षं. म्हणजे पुडीवाला पोरगा आणि ट्रकवाला धंदेवाईक, यांच्यात कायदा स्वतःच फरक करतो. फरक करत नाही तो आपला मोहल्ला!

आणि याच कायद्यात आणखीही काही आहे. कलम ६४-अ म्हणतं, व्यसनात अडकलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि त्याने आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडले, तर ही सवलत जाते. दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवायची सोय कलम ३९ मध्ये आहे. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बाईची झडती बाईनेच घ्यायची, हेही लिहिलेलं आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा फोन आहे.

"मग माझ्या पाटल्या कशाला गेल्या गो?" वहिनींनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाजेपोटी विचारलं नाही, म्हणून गेल्या.

२०२५च्या पावसाळी अधिवेशनात आपल्या विधिमंडळाने 'मकोका'त दुरुस्ती करून ड्रग्जचा धंदा करणाऱ्या टोळ्यांना तो कडक कायदा लावायची सोय केली. चांगलंच झालं. पोरांना नासवून बंगले बांधणाऱ्यांची गय कशाला? पण दुसऱ्या हाताचं काय? तालुक्याच्या गावात व्यसनावर उपचार कुठे मिळतात, समुपदेशक किती, कलम ६४-अ पोलीस ठाण्यात कुणी समजावून सांगतं का, हे प्रश्नही तितक्याच जोरात विधानसभेत विचारले जायला हवेत.

औषधाचंही तसंच. माझ्या सासूबाईंना हाडाचा कॅन्सर होता. २००९ची गोष्ट. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, पण आम्हाला त्या गावात कुठे मिळेनात. मॉर्फिनही या १९८५च्याच कायद्याखाली, त्यामुळे परवान्यांची भानगड नको, असंच जो तो म्हणे. आमचे हे कोकण रेल्वेने मुंबईला जाऊन गोळ्या आणत. ते परत येईपर्यंत सासूबाई उशीत तोंड खुपसून कण्हत असायच्या. तो आवाज अजून कानात आहे. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि अशा अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकच नियम आले. म्हणजे चूक सुधारता येते. आमच्या घराला मात्र ती उशिरा सुधारली.

भांगेच्या झाडाचा औषधी विचारही जगात सुरू झालाय. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, भारताने बाजूने मत दिलं. बंदोबस्त उठला नाही, औषधाची वाट थोडी मोकळी झाली. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने तर आमदारांची समिती नेमली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, औषध आणि उद्योगासाठी नियंत्रित लागवड व्हावी, ही तिची शिफारस स्वीकारली. आपल्याकडे असं करावं की नाही, हे जाणकारांनी ठरवावं. पण निदान बसून बोलावं तरी!

गैरसमज नको. गांजा मोकळा करा, असं मी म्हणत नाहीये. वाढत्या वयात त्याने डोक्यावर परिणाम होतो, काहींना भास होतात, अभ्यास सुटतो. आणि कुणी 'भांगेचं तेल' विकायला आलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मी एवढंच म्हणतेय, की धंदेवाल्याला बेडी, व्यसनी पोराला दवाखाना आणि दुखणाऱ्याला औषध या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच काठीने हाकू नयेत.

वहिनींचा मुलगा आता उपचारांना जातो. पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले होते. निघताना त्या सवयीने मागच्या दाराकडे वळल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "वहिनी, पुढच्या दारानेच जाऊया."