हात कोणाचा, मजुरी कोणाची?

मायबहिणींनो, खोदाईच्या कामावर मजुरी मोजमापाने मिळते, हे हिंगोली जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. टेप मोजणाऱ्याकडे असते, आपल्याकडे असतो फक्त हात. मग दोन हात म्हणजे एक मीटर, असे आम्ही धरून चालतो आणि इथेच फसतो.

जुन्या मापात चोवीस बोटांचा एक हात, म्हणजे अठरा इंच. मीटर ३९.३७ इंचांचा. म्हणजे एक मीटर म्हणजे दोन हात आणि साडेचार बोटे. फरक थोडा वाटतो ना? पण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मीटर खोल खड्डा एक घनमीटर भरतो. तोच चार हात लांब, दोन हात रुंद, एक हात खोल खणला, तर जेमतेम पाऊण घनमीटर! पाव मजुरी गेली.

शिवाय प्रत्येकाचा हात वेगळा. विनयपिटकात भिक्खूची कुटी बारा वीत लांब, सात वीत रुंद सांगितली आहे. पण वीत तथागतांची, हेही सोबत सांगितले आहे. माप एकच हवे, ही जाण तेव्हाही होती. धम्मदीक्षेच्याच १९५६ साली देशाने मीटरचा कायदा केला, तोही याचसाठी.

तेव्हा शाळकरी लेकराच्या पट्टीने एका काठीवर मीटर व अर्ध्या मीटरची खूण करून घ्या. काठी कामावर न्या. मोजताना समोर उभे राहा, आकडा विचारा, वहीत लिहून ठेवा.

जय भीम!