जेवणातली तलवार

मुलांनो, आज आधी तुमच्या बाईंची फजिती ऐका.

आमच्या चौथीच्या वर्गातल्या एकीच्या मामाने जर्मनीहून भाजी चिरायची सुरी आणली. तिने तिचं खोकं शाळेत आणलं (नुसतं खोकं हं, सुरी नव्हे!). त्यावर लिहिलेलं होतं 'मेसर'. "बाई, सुरीला मेसर का म्हणतात?" मला मोडकंतोडकं जर्मन येतं. 'मेसन' म्हणजे मोजणे. मी ऐटीत सांगितलं, "सुरीने मोजूनमापून तुकडे करतात, म्हणून!" वर्गाने लगेच वहीत उतरवूनही घेतलं.

घरी शब्दकोश उघडला नि माझा चेहरा पडला. सुरीचा मोजण्याशी काडीचाही संबंध नव्हता! मोजणारा तो 'मेसर' पुल्लिंगी, सुरी मात्र नपुंसकलिंगी. नाव एक, कूळ वेगळं.

हजारेक वर्षांपूर्वीच्या जर्मन भाषेत हा जोडशब्द होता, 'मेस्सिसाख्स'. त्यातला 'मास' म्हणजे अन्न, आणि 'साख्स' म्हणजे सुरा किंवा आखूड तलवार. म्हणजे जेवणातली तलवारच की! 'साख्स' नपुंसकलिंगी, म्हणून मेसरही तसंच. पुढे मधल्या 'स'चा 'र' झाला, शेवटचे आवाज झिजत गेले आणि उरलं एवढंसं 'मेसर'. गोट्यासारखा गुळगुळीत झालेला शब्द! आत दोन शब्द दडलेत, हे आज खुद्द जर्मन मुलांनाही दिसत नाही.

'मास' वाचून आपलं मांस आठवलं ना? थांबा, माझ्यासारखी घाई नको! त्या दोघांचं नातं नाही. नातं आहे ते इंग्रजीतल्या 'मीट'शी. आज त्याचा अर्थ मांस असला, तरी पूर्वी कुठल्याही अन्नाला 'मीट'च म्हणत.

आणि 'साख्स'? ही आखूड तलवार बाळगणारे लोक ते सॅक्सन, असं मानतात. त्यातले काही इंग्लंडात जाऊन राहिले. तिथल्या एसेक्स परगण्याच्या नावात सॅक्सन आहेतच, पण त्याच्या चिन्हावरही अशा तीन तलवारी आहेत. नकाशात शोधा, लंडनच्या ईशान्येला सापडेल.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यागेल्या म्हटलं, "वह्या काढा, कालची ओळ खोडा. बाई चुकल्या." वर्ग खूश! खोकंवाली मात्र गप्प. मग हळूच म्हणाली, "बाई, मी आईलापण तेच सांगितलंय. आता तिची वही कशी खोडू?"