हक्क कायद्यात आहे, बियाणे कुठे आहे?

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यात सवलतीच्या भात बियाण्याची चौकशी करा, पहिली दोन नावे कानावर येतील : ज्योती आणि जया. ज्योती ही केरळातील पट्टांबीची जात. या जातींशी आमचे वैर नाही. पण खाजनात खारे पाणी शिरले की त्या टिकत नाहीत. समुद्र वर चढतो आहे, पाऊस मध्येच दडी मारतो, बांध फुटतात, मानशी निकामी होतात. अशा शेतात तग धरतो तो आपला कोरगूट.

कोरगूट कमी पिकतो, असे साहेब लोक सांगतात. मान्य. पण खाऱ्या शेतात ज्योती किती पिकते? हिशेब त्याच शेतात मांडा! जुने गोवे येथील केंद्रीय संशोधन संस्थेने खारे पाणी सोसणाऱ्या ‘गोवा धान १’ व ‘गोवा धान २’ या जाती काढल्या, त्या कोरगूटातूनच निवडून. उद्या कोरगूटच उरला नाही, तर निवड कशातून करणार?

२००१ च्या कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा व विकण्याचा हक्क देते. अट एकच, संरक्षित जातीचे बियाणे ब्रँड लावून विकायचे नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या बियाणे विधेयकाच्या मसुद्यातही ही मुभा आहे. ‘आम्ही कुठे अडवले?’ एवढे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. दमट हवेत भाताची उगवणशक्ती दोन-तीन वर्षांत संपते. बी मेल्यावर हक्क घेऊन काय करायचे?

आमच्या मागण्या साध्या आहेत. कोरगूट, आसगो यांचे बियाणे सरकारने शेतकऱ्याकडून रास्त भावाने घ्यावे व ज्योतीच्या बरोबरीने सवलतीत द्यावे. २००२ च्या कायद्याने नेमलेल्या पंचायतीच्या जैवविविधता समितीने कोणाकडे कोणते बियाणे आहे, याची नोंद ठेवावी. प्रत्येक खाजन गावात बियाण्याचे कोठार उभारावे. पेरणीला न्यावे, सुगीनंतर थोडे वाढवून परत करावे.

बांधवांनो, खाजनाची मालकी सांगणारी कितीतरी जुनी घराणी आपल्यात आहेत. शेत पडीक ठेवून वारसा राखला जात नाही. स्वतः कसा, नाहीतर कसणाऱ्याच्या हाती द्या. आणि येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडून उत्तरही लेखीच मागा!