विलंब हेच ऋणकोचे भांडवल

एखाद्या निवृत्त शिक्षकाने परिचिताला चार लाख रुपये हातउसने दिले आणि ते परत आले नाहीत, तर त्याने काय करावे? कायद्याचे उत्तर सोपे आहे : तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा दाखल करावा. मात्र न्यायालयीन शुल्क, वकिलाची फी आणि तारखांपायी वाया जाणारे दिवस हा खर्च लगेच सुरू होतो. वसुली कधी होईल, हे कोणीच सांगू शकत नाही.

तरतुदींची वानवा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३७ लेखी कर्जासाठी संक्षिप्त दाव्याची सोय करतो. आदेश १७ सुनावणीदरम्यान एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देण्यास मनाई करतो. तरीही विलंब टिकून आहे, कारण तो ऋणकोला परवडतो, असे मला वाटते. व्यवहार व्यापारी नसेल, तर कलम ३४ नुसार हुकूमनाम्यानंतर मुद्दलावर सालीना सहा टक्क्यांहून अधिक व्याज लावता येत नाही. खोट्या बचावाबद्दल कलम ३५-अ खाली मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीपासून तीन हजार रुपयेच आहे. इतक्या स्वस्तात विनातारण कर्ज कोणती बँक देईल?

बँकांनी या कोंडीतून आपली वाट काढली. त्यांच्यासाठी १९९३ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणे आणि २००२ मध्ये सरफेसी कायदा आला. व्यापारी दाव्यांपुरती तीन हजारांची मर्यादा २०१५ च्या कायद्याने हटवली. मागे उरला तो सामान्य धनको. हाती न वटलेला धनादेश असेल, तर तो कलम १३८ खाली फौजदारी न्यायालयात धाव घेतो आणि तिथली गर्दी वाढवतो.

हुकूमनामा मिळाल्यावरही सुटका नाही. धनकोच्या खऱ्या अडचणी हुकूमनाम्यानंतर सुरू होतात, हे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते. अंमलबजावणी सहा महिन्यांत पूर्ण करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये बजावावे लागले.

खरोखर असहाय असलेल्या ऋणकोला संरक्षण हवेच. केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून त्याला तुरुंगात टाकता येत नाही, हे १९८० मध्येच स्पष्ट झाले आहे. प्रश्न ऐपत असून टाळणाऱ्याचा आहे. हरणाऱ्याने प्रत्यक्ष खर्च भरावा, हा व्यापारी दाव्यांतील नियम सर्व कर्जदाव्यांना लागू करावा आणि हुकूमनाम्यानंतरचे व्याज बाजारदराशी जोडावे. न्यायाधीशांची संख्या वाढवणे आवश्यकच आहे. पण विलंब फायद्याचा राहील तोवर नवी न्यायालयेही जुन्याच तारखांनी भरतील.