बूड खोटं बोलत नाही

छत्रपती संभाजीनगरात शहागंज-गुलमंडीकडच्या जुन्या घरांत फडताळातला काचेचा बाऊल हमखास ‘निजामाच्या काळातला’ ठरतो. निजामाचा अंमल इथे १७ सप्टेंबर १९४८ला संपला. म्हणजे बाऊल त्याआधीचा असल्याचा पुरावा हवा, आणि तो बुडाशी शोधावा. बाऊल उपडा करून उजेडात तिरका धरा. ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ अशी अक्षरं असतील तर माल १९१८ नंतरचा, कारण त्याआधी तो देशच नव्हता; ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४५ ते १९५२ मधला. बाजूने उभी शिवण दिसली तर काच साच्यातली. बुडाच्या मधोमध काच धरायचा दांडा तोडल्याचा खरखरीत व्रण असेल तर बहुधा हातकामाची. वर्षानुवर्षं वापरून बुडाला आडवेतिडवे ओरखडे पडतात. सगळे एकाच दिशेचे दिसले की समजा, कुणीतरी पॉलिशपेपर फिरवलाय. आपल्याकडे तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८चा, तर प्रभाकर कंदीलवाल्या ओगल्यांचा १९१६चा. पण म्हणून शिक्का नसलेल्या प्रत्येक बाऊलला ही नावं चिकटवायची नसतात. दुकानदार नुसत्या नावाचे जादा पैसे मागत असेल, तर ते देऊ नका.